स्वतःचे गाणे आणि त्याचा धनी



कामगार चळवळीतला माणूस रॉक संगीतावर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी कित्येकांना आली असेल. ती रास्त आहे. परंतु माणसे राबतात, त्यातून काही निपजते आणि निपजलेल्याचा धनी कोण ठरतो, हा माझा रोजचा विषय आहे. रॉक बँड हीही चार-पाच राबणाऱ्यांची टोळीच होय.

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड निघाला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर ही त्यातली गाजलेली नावे. विलायती गाणी हुबेहूब वाजवावीत, एवढीच तेव्हा अशा बँडकडून अपेक्षा असे. यांनीही तशी वाजवली. परंतु लवकरच स्वतःची गाणी रचून ती लोकांपुढे मांडली. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे त्यांचे गीतसंग्रह आले. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' असे, सिंधूची आठवण देणारे नाव घेतले. 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याला एमटीव्हीच्या आशियाई प्रेक्षकांचे पारितोषिक लाभले. तरीही १९९७ मध्ये बँड मोडला. २०१० मध्ये मंडळी पुन्हा जमली आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह निघाला.

कोणी विचारील, इंग्रजीत गाणारे हे आपले कसे? मी म्हणतो, भाषा कोणतीही असो, उसने गाणे सोडून स्वतःचे गाणे, हे धाडस आपल्या ओळखीचे आहे.

या धाडसाला पैसा लागतो आणि जागाही लागते. बाजार हिंदी चित्रपटगीतांचा. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळा भरू लागला. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात या संगीताचा श्रोता घडला. पुढे शेजारी रुग्णालय असल्याने शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तेथले मोठ्या आवाजाचे जलसे थांबले.

आता पैशाचे पाहा. आपला ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर ती फेडतो. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातही कंपनी कलावंताला आगाऊ रक्कम देते आणि पुढे त्याच्याच हिश्श्यातून ती वळती करून घेते. उचल घेतलेल्याला मुकादमापुढे मान वर करणे जड जाते. स्वतंत्र बँड उचल नाकारतो. मग वाद्ये, प्रवास, मुद्रण हा सारा भार त्याच्याच शिरावर येतो.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकाराने आणि संगीतकाराने हक्क कंपनीला लिहून दिले, तरी गाण्याच्या पुढील वापरातून येणाऱ्या मानधनाचा समान वाटा त्यांच्याकडेच राहतो. संघटित झाल्यावाचून असा कायदा पदरात पडत नाही, आणि पडला तरी आपोआप अंमलात येत नाही.

याच कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेल्या शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात आश्रय दिला. आता राजाश्रय उरला नाही. त्याची जागा कंपनीने घ्यायची की श्रोत्याने, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. माझे उत्तर एवढेच : गावातली चार मुले स्वतःचे गाणे घेऊन उभी राहिली, तर फुकटचा पास मागू नका. तिकीट काढा, पुढे बसा. आवडले नाही तर तेही तोंडावर सांगा. तो अधिकार तिकिटाने मिळतो.