फर्मा म्हणजे काय, हात वर करा

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं ‘दलित साहित्याची दिशा’ या विषयावर बोल म्हणाले होते. दिशा दाखवणारे पुष्कळ आहेत, त्यांना हार घाला. मी फर्म्याबद्दल बोलणार. फर्मा कुणाला ठाऊक आहे? हात वर करा. दोन. आणि कविता लिहिणारे? बघा, अख्खा हॉल!

माझा पहिला संग्रह एका प्रकाशकानं काढला. नाव घेत नाही, असले गल्लोगल्ली आहेत. पंचवीस हजार आधी मोजून घेतले. आयनं पतपेढीतनं कर्ज काढलं होतं. हजार प्रती छापतो म्हणाला, हातात पन्नास ठेवल्या. बाकीच्या गोडाऊनला, म्हणे. हजार छापल्या का तीनशे, मला आजतागायत कळलेलं नाही, कारण छापखान्याचं बिल मी कधी बघितलंच नाही. पण पैसे गेले ते गेले. खरी चपराक पुस्तक उघडल्यावर बसली. माझ्या आयची ‘आई’ झालेली. ‘व्हती’ची ‘होती’, ‘कवा’चं ‘केव्हा’. कुणा मुद्रितशोधकानं तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून तिला सोफ्यावर नेऊन बसवली होती. आयला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘ही कोण बाई रं?’ त्या बाईचं कर्ज तिनं दोन वर्षं फेडलं.

त्या दिवशी ठरवलं, पुढचं पुस्तक आपलं आपण काढायचं. यात नवीन काही नाही. १९३६च्या परिषदेसाठी लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, आणि भाषण वाचून घाम फुटल्यावर मजकूर बदला म्हणाले. बाबासाहेबांनी बदलला नाही. परिषद बारगळली. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. लाहोरचा मांडव मिळाला असता तर किती जणांनी ऐकलं असतं, तुम्हीच हिशेब करा.

आता धंद्याचं.

डेमी एक-अष्टमांश पुस्तकात एका फर्म्याची सोळा पानं. ऑफसेटवर पानं सोळाच्या हिशेबात बसवा. तुमची अडुसष्ट होत असतील तर त्या चार पानांसाठी वेगळा खर्च पडतो. चार कविता काढा, संग्रह सुधारेल. (हसू नका, बहुतेकांचा सुधारतो.) तीनशेच्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटलचा भाव विचारा. ऑफसेटला प्लेटचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजारांना तेवढाच, म्हणून तिथं प्रती वाढल्या की दर उतरतो. आणि त्या मोहानं माणूस हजार छापतो आन् मग खाटेखाली गठ्ठे. तीन छापखान्यांतनं लेखी एस्टिमेट घ्या. कागद किती जीएसएमचा, बाइंडिंग कसलं, सगळं त्यात लिहून घ्या.

टाइपसेटिंग कुठल्या फाँटात आहे ते आधी विचारा. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये नेला की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. म्हणून प्रूफ मजकूर बदलून झाल्यावर वाचायचं, आधी नव्हे. दोनदा वाचायचं. एकदा स्वतः, एकदा वस्तीतल्या माणसाकडनं मोठ्यानं वाचून घ्यायचं. आणि पहिल्या पानावर लाल शाईनं लिहा : बोलीतले शब्द आहेत तसे ठेवावेत. डीटीपीवाल्याला तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

किमतीचं बघा. समजा सहा फर्म्यांच्या तीनशे प्रतींना सगळं मिळून चोवीस हजार लागले. प्रतीला ऐंशी रुपये पडले. आपली माणसं गरीब म्हणून तुम्ही किंमत टाकली एकशेवीस. विक्रेता चाळीस-पन्नास टक्के कमिशन मागतो. पन्नास टक्क्यांनं तुम्हाला साठ मिळाले, म्हणजे प्रत्येक प्रतीमागं वीस रुपये तुम्ही त्याला दान केले. किंमत दोनशे टाका आन् स्टॉलवर स्वतः दीडशेला द्या. तरी सत्तर सुटतात, पुढच्या पुस्तकाचा कागद येतो.

आयएसबीएन नंबरचे कुणी पैसे मागितले तर उठून या. दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी तो फुकट देते, लेखकालाही देते. कॉपीराइट तर लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लिहून देणारा कागद कुणी पुढं केला तर सही करू नका. घरी न्या, चारदा वाचा.

आणि १९५४चा एक कायदा आहे. पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची. आपल्यातले निम्मे पाठवत नाहीत असं मला दिसतं. चळवळीची किती चोपडी पावसात भिजून, उंदरांनी खाऊन गेली! उद्या एखादी पोर या वस्तीवर संशोधन करायला बसेल, तिला कपाटात आपण सापडलो पाहिजे. चार प्रतींचं टपाल घाला एवढ्यासाठी.

विकायचं कुठं? सहा डिसेंबरला शिवाजी पार्क. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमी. तिथं फाटक्या चपलेचा माणूस दोन वेळचं खाणं वाचवून पुस्तकं घेतो, पिशवी भरून. प्रस्थापितांच्या प्रकाशन सोहळ्यांत चहा संपतो, पुस्तकं उरतात. पण स्टॉल एकट्यानं परवडत नाही. पाच जण मिळून घ्या, वही एक ठेवा, संध्याकाळी तिथंच हिशेब मिटवा. दोस्तीत हिशेब ठेवला नाही म्हणून फुटलेले गट मी बघितलेत. विचारसरणीचे मतभेद म्हणून ते नंतर छापून आले.

माझं दुसरं पुस्तक मी असंच काढलं. त्यात ‘आय’ आहे, ‘व्हती’ आहे. दोन छपाईच्या चुकाही आहेत, पान एकतीस आणि चौपन्न, त्या माझ्या. दाराजवळच्या टेबलावर बावीस प्रती ठेवल्यात. दीडशे रुपये, रोख. आणि ज्या पोरीनं मघाशी फर्म्याला हात वर केला ती जाऊ नये, मला तिच्याकडून पुढच्या अंकाची प्रूफं वाचून घ्यायची आहेत.