चिठ्ठीवाचून भुंगेरा



बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यात, मालियाऊ नावाचं एक खोरं आहे. सुमारे ५८८ चौरस किलोमीटरचं, भोवती उंच कडे, आत घनदाट रान, ओढे आणि धबधबे. १९९७ साली तिथल्या जंगलाला कायद्यानं कडक संरक्षण मिळालं, म्हणून ते टिकलं. या खोऱ्यातल्या ओढ्यांत सापडलेल्या तीन नव्या पाणभुंगेऱ्यांची वर्णनं २०१८ साली ‘झूकीज’ या नियतकालिकात छापून आली. त्यांतल्या एकाला लिओनार्डो डिकॅप्रिओ या नटाचं नाव दिलं, दुसऱ्याला आंद्रे कायपर्स या डच अंतराळवीराचं. नटानं आपल्या फेसबुकच्या पानावर स्वतःच्या फोटोऐवजी भुंगेऱ्याचा फोटो लावला आणि तीन मिलिमीटरचा हा काळपट जीव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला.

चांगलं झालं. पाण्यातल्या किड्याची बातमी होणं ही सोपी गोष्ट नाही. पण मला आज त्या नावाबद्दल बोलायचं नाही. त्या भुंगेऱ्याच्या टाचणीला, भुंगेऱ्याच्या खाली, कागदाची एक बारीक चिठ्ठी असते. मी तिच्याबद्दल बोलणार आहे, आणि दिलेल्या वेळात दुसरं काही बोलायला जमेल असं वाटत नाही.

तीन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याला टाचणी टोचता येत नाही, तो फुटतो. म्हणून जाड कागदाच्या छोट्या तुकड्यावर त्याला डिंकानं चिकटवतात आणि टाचणी त्या कागदातून घालतात. तिच्यावरच खाली चिठ्ठी. चिठ्ठीवर देश, राज्य, ओढ्याचं नाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. ज्या एका नमुन्यावर नव्या जातीचं नाव कायमचं बांधलेलं असतं, त्याच्या टाचणीवर आणखी एक चिठ्ठी चढते. ती बहुधा लाल असते. नव्या जातीचं नाव शेवटी या एका टाचणीवर उभं असतं. उद्या कुणाला शंका आली, तर तो छापलेला लेख बाजूला ठेवतो आणि ही टाचणी बघायला मागतो.

आता मी घरातलं उदाहरण घेतो. तुमच्या फडताळात स्टीलचे सारखे डबे असतात. एकात चकलीची भाजणी, एकात थालीपिठाची, एकात उपासाची. उघडून बघितलं तर साधारण एकाच रंगाची पिठं. जिनं दळून आणली तिला ठाऊक असतं कुठली कशात आहे. ती चार दिवस गावाला गेली की घरातली बाकीची माणसं डबे हुंगत बसतात. थालीपिठाची भाजणी सोऱ्यात घातली की चकलीचे तुकडे पडतात, तेव्हा कळतं. पण तोवर तेल तापलेलं असतं आणि पीठ भिजवून झालेलं असतं. चतुर्थीला चुकीचा डबा उघडला तर उपासच मोडतो. आणि ही भाजणी दिवाळीची की पावसाळ्याआधीची, ते तर चव घेऊनही नेमकं सांगता येत नाही. त्याला चिठ्ठीच हवी.

पाणभुंगेऱ्यांचं नेमकं असं आहे. मालियाऊचे हे तीन भुंगेरे ग्रूव्हेलिनस नावाच्या गटातले. या गटातले बरेच भुंगेरे नुसत्या डोळ्यांना एकसारखे: बारीक, गडद रंगाचे, लांब पायांचे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाठीवरचे खळगे, रेघा, केस बघावे लागतात. तेवढ्यानंही भागत नाही, तेव्हा नराचं जननेंद्रिय काढून त्याचा आकार पाहावा लागतो, कारण बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या जातींत तो बहुधा वेगळा असतो. म्हणजे चकली तळून बघण्यासारखंच. पण एवढं करून फक्त डब्यात कुठली भाजणी आहे ते समजलं. ती कुठून आली, कधी आली, हे भुंगेऱ्याच्या अंगावर कुठेही लिहिलेलं नसतं. डीएनए काढलात तरी त्यात ओढ्याचं नाव मिळत नाही. हे वाक्य मी पुन्हा म्हणतो, कारण हल्ली पुष्कळांना वाटतं की डीएनए आला, आता चिठ्ठीचं काय काम. डीएनएत ओढ्याचं नाव मिळत नाही.

आणि या किड्याच्या बाबतीत ओढा म्हणजे निम्मी ओळख. हे भुंगेरे पोहत नाहीत. नख्यांनी दगडाला धरून वाहत्या पाण्यात चालतात. अंगावर इतकी दाट, बारीक लव असते की तिच्यात हवेचा पातळ थर अडकून राहतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्या थरात झिरपत येतो आणि भुंगेरा त्यावर श्वास घेतो. प्रौढ भुंगेऱ्याला हवेसाठी वर यावं लागत नाही. पण त्यासाठी पाणी वाहतं, थंड, प्राणवायूनं भरलेलं हवं. साबण मिसळला तर लव भिजते आणि हवेचा थर तुटतो. आपल्याकडच्या ओढ्यांवरचं धुणं हा यातूनच निघणारा विषय आहे, पण तो काढला तर माझी चिठ्ठी राहील. सांगायचं इतकंच, की असा किडा कुठल्याही पाण्यात जगत नाही. ‘बोर्निओ’ एवढंच लिहून ठेवलं, तर महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठ्या बेटावर त्याला पुन्हा कुठे शोधायचं? जुन्या संग्रहांत नुसतं ‘बोर्निओ’ लिहिलेले भुंगेरे आहेत. ते हातात घेतले की जीव हळहळतो.

निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस याच बोर्निओत १८५४ साली उतरला. १८६२पर्यंत मलय द्वीपसमूहात तो हिंडला आणि ८३,०००हून अधिक भुंगेरे त्यानं जमवले. त्याच्या नमुन्यांवर लहान गोल चिठ्ठ्या असत, सारावाकसाठी तीन अक्षरांची खूण. त्याला चिठ्ठीची किंमत आधीच कळली होती. १८५२ साली अॅमेझॉनच्या माकडांवर लिहिताना त्यानं स्पष्ट तक्रार केली, की संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर ‘ब्राझील’, ‘पेरू’ किंवा नुसतं ‘अॅमेझॉन नदी’ असं लिहिलेलं असतं. नदीच्या कुठल्या काठावर, ते कुणी लिहीत नाही. त्यानं स्वतः काठ टिपले, तेव्हा दिसलं की काही माकडं एकाच काठावर राहतात, मोठी नदी ओलांडत नाहीत. केवढी मोठी गोष्ट, आणि ती सापडली काठ लिहिल्यामुळे.

डार्विनचं उलट झालं. १८३५ साली गालापागोस बेटांवर त्यानं मॉकिंगबर्ड बेटवार टिपले. फिंच पक्ष्यांवर मात्र बहुतेक बेटांची नावं घातली नाहीत. १८३७ साली लंडनला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डनं सांगितलं की या फिंचांच्या निरनिराळ्या जाती आहेत. मग कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, हे जुळवण्यासाठी त्याच्या जहाजाचा कॅप्टन फिट्झरॉय आणि जहाजावरच्या इतरांनी जमवलेले पक्षी बघावे लागले. त्यांनी नोंदी ठेवल्या होत्या. डार्विनएवढा माणूस, पण चिठ्ठी नाही म्हटल्यावर शेजाऱ्याचा डबा उघडून बघण्याची पाळी आली.

मालियाऊच्या भुंगेऱ्यांचा तो ग्रूव्हेलिनस गट १९२३ साली जॉर्ज चार्ल्स चॅम्पियन या कीटकशास्त्रज्ञांनी प्रथम वर्णिला. त्यांचा मुलगा हॅरी आपल्याकडे वनखात्यात होता. भारतातल्या जंगलांचं त्याचं वर्गीकरण वनविभागात आजही शिकवतात. कुमाऊंमधून तो भुंगेरे धाडायचा आणि वडील इंग्लंडात त्यांवर लेख लिहायचे. हजारो मैल दूर बसलेल्या बापाला किड्याबरोबर मुलाची चिठ्ठीच पोचत होती.

हे मी आपल्यासाठी सांगतो आहे. मालियाऊचे ते तीन भुंगेरे ज्या मोहिमेत सापडले, तिच्यात नाना देशांची हौशी माणसं होती, त्यांतल्या बहुतेकांनी असं काम पूर्वी केलेलं नव्हतं. त्यांनी शास्त्रज्ञांबरोबर ओढ्यात उतरून जाळी लावली, किडे वेचले. मग मनिलाच्या विद्यापीठातले हेन्ड्रिक फ्रायटाग आणि क्लिस्टर पांगांतिहोन, आणि मोहीम नेणाऱ्या इवा न्युन्यिच, यांनी वर्णनं लिहिली. म्हणजे वेचणारा तज्ज्ञ नसला तरी चालतं. चिठ्ठी नसली तर नाही चालत.

आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतून मुलं दर पावसाळ्यात किडे आणतात. मी एका महाविद्यालयात कपाट उघडलं, बाटल्या ओळीनं लावलेल्या, आत सुरेख पाणभुंगेरे, आणि बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठ्या गळून कपाटाच्या तळाशी पडलेल्या. कुठली कुणाची, सांगणारं कुणी नाही. कदाचित त्यांत एखादी अजून नाव न मिळालेली जात असेल. मुलांनो, रागावतो आहे असं समजा हवं तर. तुम्ही मोबाइलवर फोटो काढता, फोटोत जागा आपोआप नोंदली जाते, आणि तुम्हाला वाटतं झालं काम. मोबाइल बदलतो. बाटली कपाटात राहते.

अजून संग्रहालयांबद्दल बोलायचं होतं, तिथे या टाचण्या सांभाळणाऱ्या माणसांच्या जागा भरल्या जात नाहीत त्याबद्दल, पण समोरून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. तेव्हा उरलेल्या मिनिटात कामाचं सांगतो.

चिठ्ठी बाटलीच्या आत घाला, अल्कोहोलमध्ये, किड्याच्या सोबत. बाहेर चिकटवू नका आणि झाकणावर तर मुळीच नको. डब्यांची झाकणं कशी अदलाबदल होतात ते घरी विचारा. बॉलपेननं लिहू नका, अल्कोहोलमध्ये शाई उतरते. पेन्सिल वापरा, जाड कागदावर दाबून लिहा. घरी गेल्यावर लिहू म्हणू नका, ओढ्याकाठीच लिहा. गावाचं नाव, तालुका, ओढ्याला गावकरी काय म्हणतात ते, उंची, तारीख, तुमचं पूर्ण नाव. पाणी वाहतं होतं की साठलेलं, दगडाखाली मिळाला की पानांच्या ढिगात, तेही. एका बाटलीत दोन ओढ्यांचे किडे घालू नका. आणि दोन ओढे जिथे मिळतात तिथे किडा वेचला असेल, तर संगमाच्या वर की खाली, वर असेल तर कुठल्या ओढ्यात, तेवढं विसरू नका.