जागल्याला हिशेब कोण विचारणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

डिसेंबर आला की आमच्या नागपूरची चालढाल बदलते. सिव्हिल लाइन्समध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, मॉरिस कॉलेजच्या चौकात मोर्चे अडवले जातात आणि संत्र्यांच्या हंगामासोबत प्रश्नांचाही हंगाम सुरू होतो. कापसाचा भाव, सिंचनाचा अनुशेष, शिक्षकांचे पगार, सगळं इथे विचारलं जातं. एक प्रश्न मात्र इथे अर्धाच विचारता येतो आणि दिल्लीतही धड विचारता येत नाही. गुप्तवार्ता यंत्रणांचा हिशेब लोकप्रतिनिधींनी कसा घ्यायचा, हा तो प्रश्न.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. त्यानंतर राज्य सरकारनं दोघांची समिती नेमली. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि ‘रॉ’मधून निवृत्त झालेले व्ही. बालचंद्रन. एप्रिल २००९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. जूनमध्ये विधिमंडळापुढे आला तो फक्त कृती अहवाल. मूळ अहवाल वर्तमानपत्रांतून फुटला, ओरड झाली, तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये इथल्या, नागपूरच्या अधिवेशनात तो पटलावर ठेवला गेला. शत्रू समुद्रातून येऊ शकतो, मोठी हॉटेलं लक्ष्य होऊ शकतात, असे इशारे आधीच येऊन गेले होते. ते सुटे सुटे आले आणि सुटेच राहिले.

पण समितीची कक्षा मुंबई पोलिसांपुरती होती. हे इशारे ज्यांनी पाठवले, त्या केंद्रीय यंत्रणांना ती जाब विचारू शकत नव्हती. बालचंद्रन यांनी ही खंत पुढे अनेकदा लिहून दाखवली.

आपल्या जुन्या गावगाड्यात जागल्या असे. गावात चोरी झाली की पावलांचा माग काढत तो शिवेपर्यंत जाई. तिथे शेजारच्या गावाच्या जागल्याला माग दाखवून द्यायचा, मग पुढची जबाबदारी त्याची. माग मधेच हरवला, तर ज्या गावात हरवला त्यानं उत्तर द्यायचं. मुंबईचा माग आमच्या विधिमंडळानं राज्याच्या शिवेपर्यंत नेला. पलीकडे तो उचलून घ्यायला कुणी उभंच नव्हतं.

असं का व्हावं? इंटेलिजन्स ब्युरोची मुळं १८८७ मधली, म्हणजे इंग्रजांच्या काळातली. ‘रॉ’ १९६८ मध्ये स्थापन झाली, तेव्हा देशाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. या दोन्ही संस्था शासकीय आदेशांवर चालतात. त्यांची कामं, अधिकार आणि मर्यादा ठरवणारा स्वतंत्र कायदा संसदेनं केलेला नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातून त्या वगळल्या आहेत; सवलत आहे ती भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरती. त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारी संसदेची खास समिती नाही. उपराष्ट्रपती असताना हमीद अन्सारी यांनी २०१० मध्ये ‘रॉ’च्याच व्यासपीठावरून अशा देखरेखीची गरज बोलून दाखवली होती. पुढच्याच वर्षी मनीष तिवारी यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

आता घरातलं पाहू. २०२१ च्या पावसाळी अधिवेशनात आमच्या विदर्भातले आमदार नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला, की २०१६-१७ मध्ये त्यांचा फोन चोरून ऐकला गेला आणि कागदावर त्यांचं नाव ‘अमजद खान’ असं टाकलं होतं. चौकशी झाली, गुन्हे नोंदले गेले आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते रद्द केले. कायद्याच्या दृष्टीनं विषय तिथे थांबला. माझ्या मनात मात्र ते नाव राहिलं. मी कवी माणूस, नावं आणि शब्द माझ्या डोक्यात घोळत राहतात. कुणाचा फोन ऐकायचा असेल तर कागदावर कोणतं नाव टाकलं म्हणजे वरचा साहेब दुसऱ्यांदा विचारणार नाही? आरोप खरा असो वा नसो, तो ऐकताना सभागृहात कुणाला या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं नसेल.

फोन ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये काही बंधनं घातली. आदेश गृहसचिवानं द्यायचा आणि एका समितीनं तो तपासायचा. पण ती समितीही सचिवांचीच. तिथे न्यायाधीश नाही, आमदार-खासदार नाही. ज्यानं रांधलं त्याच्याच सोबत्यानं चव घ्यायची, असा हा प्रकार.

याची किंमत कोण मोजतं? ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक २०२१ मध्येच वारला होता, इथल्या मध्यवर्ती कारागृहात कैदेत असताना. सर्वोच्च न्यायालयानं या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. अशा प्रत्येक स्फोटानंतर आमच्या मोहल्ल्यातल्या आया मुलांना दिवेलागणीआधी घरी बोलावत. त्याच वेळी मुंबईत दुसरी एखादी आई लोकलमधून न परतलेल्या मुलाची वाट पाहत असायची. एकोणीस वर्षांनी या दोघींच्याही हाती पक्कं उत्तर नाही. तरी तपास करणारे पोलीस उशिरा का होईना न्यायालयापुढे उभे राहतात. गुप्तवार्तावाल्यांवर ती वेळ क्वचितच येते.

काही जण म्हणतील, हेरगिरी चव्हाट्यावर आणायची का? मुळीच नाही. सीमेपलीकडे जीव मुठीत धरून वावरणाऱ्या माणसाचं नाव मलाही कळायला नको. पण मराठीत ‘गुप्त’ आणि ‘बेहिशेबी’ हे दोन वेगळे शब्द आहेत. कौटिल्यानंसुद्धा तीन हेरांचं म्हणणं जुळलं तरच विश्वास ठेवा आणि वारंवार चुकणाऱ्याला दूर करा, असं सांगून ठेवलं आहे. अमेरिकेत १९७५ च्या चौकशीनंतर सिनेटनं कायमची समिती नेमली. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यानं खासदारांची समिती आली. अशा समित्याही चुकतात, सरकारपुढे नमतात. तरीही ‘सीआयए’नं कैद्यांच्या केलेल्या छळाचा तपशील २०१४ मध्ये जगापुढे आला तो सिनेटच्या त्या समितीच्या अहवालामुळेच. तिथली हेरगिरी काही त्यामुळे बंद पडली नाही.

आपल्याकडेही सर्व पक्षांचे मोजके खासदार, गुप्ततेची शपथ घेतलेले, बंद दाराआड बसून विचारू शकतील. इशारा कुणाला, कधी दिला? चुकीच्या माणसावर बोट कुणी ठेवलं? पैसा कशावर गेला? वर्षातून एकदा त्यांनी संसदेला इतकंच सांगावं, की आम्ही पाहिलं, अमुक ठीक आहे, तमुक नाही.

आणि दिल्लीची वाट पाहायचीच कशाला? राज्य गुप्तवार्ता विभाग महाराष्ट्राचा आहे, पोलीस हा राज्याचा विषय आहे. आमचं विधिमंडळ स्वतःची अशी समिती नेमू शकतं. येत्या हिवाळी अधिवेशनात एखाद्या आमदारानं, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हा ठराव मांडावा. आपल्या गल्लीत मतं मागायला येईल तेव्हा त्याला हे जरूर सांगा. जागल्या रात्रभर जागतो, त्याचे उपकार आहेतच. पण त्याला पोसतं ते गाव, म्हणून सकाळी त्याला विचारायचा हक्कही गावाचाच आहे.