टपालाचा एकाधिकार आणि आपण



इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा गावी पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांचा महाराष्ट्राशी असलेला धागा टपालाने राखला. लग्नपत्रिका, बाळंतपणाची खुशाली, दिवाळी अंक, सारे पोस्टमनच्या पिशवीतूनच आले. म्हणून आजचा विषय कायद्याचा वाटला, तरी तो आपल्या माजघरातलाच आहे.

१८८५ च्या तार कायद्याने तारेचा आणि १८९८ च्या टपाल कायद्याने पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला. टेलिफोनही त्यातच आला. या संरक्षणाला दोन बाजू होत्या. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याची धास्तीच नव्हती. पण १८५४ पासून पत्राचा दर अंतरावर नव्हे, वजनावर ठरू लागला. शेजारच्या गावी आणि हजार मैलांवर तेच तिकीट. वृत्तपत्रे-मासिकांना सवलतीचा दर होता. पुण्याचे मासिक ग्वाल्हेरच्या शिक्षकाला परवडत असे, त्यात या दराचाही वाटा होता.

मग काय झाले? कायदा होता तिथेच राहिला. नाक्यानाक्यावर एसटीडी बूथ आले. १९९४ च्या धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडले आणि ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. पाठोपाठ ईमेल आली. एकाधिकारावर कोणी चालून गेले नाही. लोकांनी पत्र लिहिणे सोडले, इतकेच. पत्र नेण्याचा हक्क कायद्याला राखता आला, पत्र लिहिण्याची गरज राखता आली नाही. १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा घेतल्या गेल्या. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने पत्रांवरचा एकाधिकार सोडून दिला, तेव्हा सोडण्याजोगे फारसे उरलेच नव्हते.

याचा आनंद मानावा की खेद? फोनची रांग संपली, हे चांगलेच झाले. पण एकाधिकारासोबत एक जबाबदारीही होती. कुरिअर परवडेल तिथे जाते. आडगावच्या म्हातारीची मनीऑर्डर पोस्टालाच पोचवावी लागते. पूर्वी शहरातल्या कमाईतून आडगावचा खर्च निघे. आता तो कोणी उचलायचा? संरक्षण जाते तेव्हा हा प्रश्न उघड्यावर येतो, आणि तो विचारणारा कोणी लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या राज्यांत मराठीला राजाश्रय होता. संस्थानांबरोबर तो गेला. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा अभिमान जरूर बाळगू या. परंतु टपालाचे उदाहरण विसरू नका. कागदावरचे संरक्षण वापर निर्माण करत नाही. नातवंडांशी मोबाइलवर बोलताना, लिहिताना आपण कोणती भाषा वापरतो, यावर पुढचे ठरेल. आणि ट्रंकेत जुनी पत्रे असतील, तर रद्दीत घालण्याआधी ती एकदा मुलांना वाचून दाखवा. तशी पत्रे आता पुन्हा येणार नाहीत.