मैदान एकच, पण तयारी एकसारखी का?

दिवसभराचं काम उरकून रेडिओजवळ बसला असाल. आज आपण खेळाबद्दल बोलणार आहोत. खेळ म्हणजे पोरांचा विषय, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. यात आपल्या लेकींचा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी आम्ही बचत गटाच्या अकरा जणी टेम्पो करून तालुक्याच्या गावी गेलो. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुली 14 वर्षांखालच्या खो-खोत अंतिम सामन्याला पोचल्या होत्या. समोर एका खाजगी निवासी शाळेचा संघ होता. त्या मुलींच्या पायात बूट, सोबत दोन प्रशिक्षक. आमच्या निम्म्या मुली अनवाणी. आमच्या शाळेत खेळाचे वेगळे शिक्षक नाहीत. गणिताचे गुरुजीच शाळा सुटल्यावर सराव घेतात. समोरच्या संघाने एक डाव राखून सामना जिंकला.

परत येताना टेम्पोत कुणी बोलेना. शेवटी एक मुलगी म्हणाली, "आपण कमीच आहोत, काकू." हरण्यापेक्षा ते बोलणं आम्हाला जास्त लागलं.

मग आम्ही गटाच्या बैठकीत यावर बोललो. त्या मुली चांगल्या खेळल्या, त्यांची मेहनत खरीच आहे. पण तो संघ बनतो कसा? निवासी शाळा चार तालुक्यांतून चपळ मुली निवडून आणू शकते. पहाटे आणि संध्याकाळी सराव, जेवायला दूध-अंडी. आमची शाळा मात्र गावात जी मुलगी आहे तिलाच घेते, आणि कुणालाही नाही म्हणत नाही. सकाळी पाणी भरून, धाकट्या भावाला सांभाळून ती शाळेत येते. स्पर्धेत दोन्ही संघ 'एक शाळा' म्हणून उतरतात, पण दोन्हींच्या मागचं बळ सारखं नसतं.

कुस्तीचं बघा. 40 किलोच्या पोराला 70 किलोच्या पोराशी कुणी लढवत नाही. वजन गट पाडले म्हणून हलका पैलवान कमी ठरत नाही. आपल्या शालेय स्पर्धांतही 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात, मुला-मुलींचे सामने वेगळे होतात. महानगरपालिकेच्या शाळा वेगळ्या आणि ग्रामीण जिल्ह्याच्या वेगळ्या खेळतात. म्हणजे बरोबरीच्यांत लढत व्हावी, हे तत्त्व आधीच मान्य आहे. फक्त ते शाळेच्या बळापर्यंत पोचलेलं नाही.

हा वाद आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत हायस्कूलच्या खेळांत शाळांचे गट विद्यार्थीसंख्येवरून पाडतात. तिथली सरकारी शाळा बहुतेक आपल्या हद्दीतली मुलं घेते, खाजगी शाळा कुठूनही घेऊ शकते. म्हणून इलिनॉय राज्यात हद्द नसलेल्या शाळांची पटसंख्या 1.65 ने गुणायचा नियम केला. 400 मुलांची शाळा 660 ची धरायची आणि मोठ्या शाळांच्या गटात खेळवायची. पण खाजगी म्हणजे सगळ्याच बलवान नसतात. ज्या सतत हरतात त्यांचं काय, असा प्रश्न आला, तेव्हा अशा शाळांना सूट देण्यात आली. इंडियाना राज्याने दुसरी वाट धरली. शाळा सरकारी की खाजगी हे बघायचं नाही. जो संघ वारंवार वरपर्यंत जिंकतो, त्याला वरच्या गटात न्यायचं.

आम्हाला ही दुसरी वाट पटली. त्याचं कारण आमच्याच गटात घडलं. त्या सामन्यानंतर निवासी शाळेने आमच्या सगळ्यात चपळ मुलीला बोलावलं. फी माफ, राहणं-जेवण फुकट. तिची आई गटात आली आणि म्हणाली, "ताई, पाठवू का? गावाचा संघ मोडेल." काही जणी म्हणाल्या, शाळा बदलली तर वर्षभर खेळू द्यायचं नाही असा नियम हवा. पण त्या नियमाने शाळेचं काय बिघडणार? बसावं लागणार मुलीला. पोटभर जेवण आणि चांगलं शिक्षण मिळत असेल तर गरिबाच्या लेकीने का जाऊ नये? आम्ही त्या आईला सांगितलं, संघाचं आम्ही बघू, तुम्ही लेकीचं बघा. ती मुलगी गेली. आता सुट्टीत येते तेव्हा मागे राहिलेल्यांना डाव शिकवते.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे: नियमाचा भार शाळेवर पडू दे, मुलीवर नको.

हे एका चषकापुरतं नाही. पुढच्या पातळीवर पोचलेल्या खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. तालुक्यातच वाट बंद झाली, तर हे दारही बंद होतं. आणि दुष्काळी गावांत गुण नसतात असं कोण म्हणेल? माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली आणि दहावी आली.

मग आपण काय करायचं? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्यात, असा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तिथे नुसती सही करून उठू नका. समग्र शिक्षा योजनेत खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. ते आलं का, त्यातून काय घेतलं, हे विचारा. मैदान आणि खेळाचं साहित्य हेही त्याच कायद्यात आहे.

आम्ही विचारलं. खो-खोचे नवे खांब आले. गटाच्या बचतीतून बुटांना हातभार लावला. सरावाच्या दिवशी मुलींना पाणी भरायला लावायचं नाही, असं आयांनी आपसात ठरवलं. वारंवार जिंकणाऱ्या संघांचा वेगळा गट करावा, असा अर्ज तालुका क्रीडा संयोजकांकडे दिला. नियम वरून ठरतात, अर्ज पुढे पाठवतो, असं उत्तर मिळालं. एका गावाचा अर्ज फाइलीत राहतो. चाळीस गावांचे अर्ज गेले तर कुणाला तरी वाचावे लागतील. तुमच्या गटाचाही एक पाठवा.

तोवर घरी एक काम करा. हरून आलेल्या लेकीला आधी जेवायला वाढा. मग तिला सांगा, तू कमी नाहीस. तुझ्यामागची तयारी कमी पडली, आणि ती करणं आमचं काम आहे.