पहिल्या चेंडूच्या आधी

२३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिलं षटक टाकलं ते आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं. त्या एका षटकात १५ धावा गेल्या. नोबॉल झाले, वाइडही गेले. पुढं २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर पुन्हा अंतिम सामना आणि पुन्हा हाच गोलंदाज. या वेळी त्याची पहिली तीनही षटकं निर्धाव गेली. सुरुवातीच्या पाच षटकांत त्यानं अवघ्या ६ धावा देऊन एक बळी घेतला. शेवटी शेवटी त्याला मार बसला, हेही सांगायला हवं. पण सुरुवातीतला फरक केवढा!

मधल्या काळात तो भारतीय संघाबाहेर गेला होता. २००६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून काउंटी क्रिकेट खेळला आणि चँपियनशिपमध्ये त्यानं ७८ बळी घेतले. त्याच काळात त्यानं रनअप कमी केला आणि चेंडू सोडण्यापूर्वीची ती मोठी उडी आखडती घेतली. २००७ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर तीन कसोटींत त्याला १८ बळी मिळाले. त्यांतले नऊ एकट्या ट्रेंटब्रिजच्या सामन्यातले. भारतानं ती मालिका जिंकली. इंग्लंडमध्ये असा विजय १९८६ नंतर प्रथमच मिळत होता. सगळं श्रेय रनअपला देणं बरोबर नाही. अनुभव होता, मेहनत होती. पण पाया तिथं घातला गेला, असं माझं मत आहे.

मी तालुक्याच्या मैदानावर मुलांना गोलंदाजी शिकवतो. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘सर, स्पीड कसा वाढवायचा?’ मी उलट विचारतो, ‘तुझा रनअप किती पावलांचा?’ बहुतेकांना सांगता येत नाही. आज बारा पावलं, उद्या पंधरा.

इथं मला गोल्फची आठवण होते. आपल्याकडं हा खेळ पाहिलेले लोक थोडे. त्यात सुरुवातीला लांब फटका मारतात, त्याला ड्राइव्ह म्हणतात. चेंडू एका छोट्या खुंटीवर स्थिर ठेवलेला. समोर गोलंदाज नाही, घाई नाही. तरी फटका झाडीत जातो. म्हणून चांगला खेळाडू आधी चेंडूमागं उभा राहून दिशा ठरवतो, पाय नीट रोवतो, एकदा क्लब हवेत फिरवून पाहतो आणि मगच मारतो. दर वेळी तोच क्रम. क्रिकेटमध्ये फलंदाजाला ही सवड नाही. गोलंदाजाला मात्र आहे, कारण तो निघेपर्यंत खेळ सुरूच होत नाही.

रनअप मोजायची रीत सोपी आहे. फलंदाजाकडं पाठ करून क्रीजवर उभं राहायचं आणि उलट दिशेला, मैदानाच्या कडेकडं, आपल्या लयीत धावत जाऊन चेंडू टाकायचा. पुढचा पाय जिथं पडेल तिथं मित्रानं चुन्याची खूण करायची. असं सात-आठ वेळा केलं की खुणा एकमेकींजवळ येऊ लागतात. ते अंतर टेपनं मोजून वहीत लिहायचं आणि निघताना पहिला पाय नेहमी तोच टाकायचा. वारा समोरून असेल तर एखाद्या फुटाचा फरक पडतो, तोही लिहायचा.

आणि नेटमध्ये नोबॉल मोजायचे. सरावात आपली मुलं सर्रास रेषेपुढं पाय टाकतात आणि कोणी बोलत नाही. सामन्यात त्याच चेंडूवर फ्री हिट जाते, मग नशिबाला दोष.

पालकांनाही एक सांगायचं आहे. वाढत्या वयात पाठीच्या मणक्यावर ताण येऊन हाडाला बारीक तडा जाणं, हे वेगवान गोलंदाजांचं नेहमीचं दुखणं. इंग्लंडमध्ये मुलांनी किती षटकं टाकावीत, याला वयानुसार मर्यादा आहे. आपल्याकडं सुट्टीत टेनिस बॉलच्या स्पर्धा लागल्या की एकच मुलगा दिवसभरात तीन-तीन सामने टाकतो. कंबर दुखते म्हणाला तर त्याला ‘दम नाही’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.

काही शाळांची मैदानं लहान असतात. दहा पावलांवर भिंत येते, म्हणून मुलं हिरमुसतात. मी त्यांना दहा पावलांचाच रनअप मोजून देतो.