अळीच्या संप्रेरकाची वाट अडवता येईल का?



 कीटकशास्त्रज्ञांची ही परिषद विदर्भात, नागपुरात भरते आहे, याला अर्थ आहे. २०१७ च्या खरिपात विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि कित्येक जण दवाखान्यात दाखल झाले. हातमोजे-मास्क नव्हते, औषधांची मिश्रणे मारली गेली, पीक डोक्यावर वाढले होते. ही सारी कारणे खरीच आहेत. पण त्यांच्या मुळाशी आणखी एक कारण आहे. आपली बहुतेक कीटकनाशके मज्जासंस्थेवर घाला घालतात आणि ही यंत्रणा अळीत आणि पंप पाठीवर घेतलेल्या माणसात पुष्कळ सारखी आहे. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक ज्या विकराला निकामी करते, तोच विकर मजुराच्या शरीरातही काम करत असतो. म्हणून नवे औषध शोधताना पहिला प्रश्न हा हवा, की अळीला जगायला असे काय लागते जे माणसाला लागत नाही?

याचे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे कात टाकणे. वाढणारी अळी जुन्या कातीत मावत नाही आणि ती कात कधी टाकायची याचा हुकूम एक्डायसोन हे संप्रेरक देते. बुटेनांट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोषांतून ते जेमतेम २५ मिलिग्रॅम वेगळे काढले. हे स्टेरॉइड आहे, चरबीत विरघळते, म्हणून पेशीच्या आवरणातून ते आपोआप आत झिरपत असणार, असे पुढे कित्येक दशके सर्वांनी धरून चालवले. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील नाओकी यामानाका यांच्या गटाने फळमाशीत या समजुतीला धक्का दिला. पेशीच्या आवरणात बसलेले एक वाहक प्रथिन एक्डायसोनला आत घेते. तेच काढून टाकले की अळी पहिल्या अवस्थेतच अडकते. कात टाकण्याचा निरोप पेशीच्या दारापर्यंत येतो, पण आत कुणी घेत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांनाही वाढीसाठी आणि अंडी तयार करण्यासाठी असे वाहक लागतात, हे याच गटाने २०२२ मध्ये दाखवले. टेब्युफेनोझाइडसारखी औषधे संप्रेरकाचा हुकूम ऐकणाऱ्या, पेशीच्या आतल्या ग्राहक-प्रथिनावर खोटा हुकूम वाजवतात. वाहक अडवणे हा वेगळा मार्ग आहे. हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या अंगाला उघडे असते, त्यामुळे औषधाला पेशीच्या आत शिरण्याची गरजही पडणार नाही, अशी रास्त आशा धरता येते.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. या वाहकाचे कुळ माणसातही आहे. कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन औषधे आपल्या यकृतात याच कुळातल्या प्रथिनांमार्फत शिरतात. मग माणूस सुरक्षित कसा? कूळ एक असले तरी प्रत्येक वाहकाची घडण वेगळी असते, आणि एक्डायसोन हे माणसाचे संप्रेरकच नाही. तरीही एवढ्यावर विसंबून चालणार नाही. प्रत्येक नवे संयुग मानवी वाहकांवर पहिल्याच दिवशी तपासले पाहिजे, शेवटच्या टप्प्यावर नव्हे. दुसरा आक्षेप प्रतिकाराचा. कीटकशास्त्रज्ञ कॅरोल विल्यम्स यांनी १९६७ मध्ये अशी उमेद बाळगली होती, की स्वतःच्याच संप्रेरकाला कीटक सरावणार नाहीत. ती फोल ठरली. कीटकाच्या संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या पायरीप्रॉक्सिफेन या औषधाला इस्रायलमधली पांढरी माशी सरावली. तेव्हा हे औषधही अमर नसेल. पण नवे लक्ष्य असेल, तर औषधांची फेरपालट करायला एक पत्ता वाढतो, आणि बोंडअळीने बीटी कपाशीला दाद देणे सोडल्यापासून आपल्या हातातले पत्ते कमीच होत चालले आहेत.

मला सर्वांत गंभीर वाटतो तो तिसरा आक्षेप. मधमाशीही कात टाकते, रेशीमकिडाही टाकतो, कोकण-गोव्याच्या खाडीतली कोळंबी आणि खेकडेही टाकतात. किडीचा वाहक आणि मित्रकीटकाचा वाहक यांतला फरक संयुगाला ओळखता आला नाही, तर ते बाजारात येऊच नये, असे मी स्पष्ट म्हणेन. शिवाय अशा औषधाने अळी लगेच मरत नाही, पुढच्या कातीपर्यंत पान खातच राहते. संध्याकाळी मेलेली अळी पाहायची सवय असलेल्या शेतकऱ्याला हे आधी समजावून सांगावे लागेल. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत तर कोणतीच फवारणी नीट पोहोचत नाही. म्हणून सुरुवात उघड्यावर खाणाऱ्या अळ्या आणि साचलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या यांच्यापासून व्हावी, असे मला वाटते.

निंबोळी अर्कातला ॲझाडिरॅक्टिन अळीच्या संप्रेरकांचे वेळापत्रक बिघडवतो, आणि हा अर्क आपला शेतकरी आजही वापरतो. वाट अगदीच अनोळखी नाही. पुढच्या सत्रांत आपण बोंडअळीचा, लष्करी अळीचा आणि आपल्या मधमाशीचा वाहक एकाच टेबलावर ठेवून तपासण्याचा कार्यक्रम आखावा, आणि तो आखताना फवारणी करणाऱ्या मजुराचा प्रतिनिधीही चर्चेला बसवावा, अशी आपणा सर्वांना माझी विनंती आहे.